मले एक, तुमाले दोन

बाई, भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची रीत नव्हती. भाजीवालीशी असो, विहाराच्या महिला मंडळाशी असो की तुमच्या भावाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, शेवटचा शब्द तुमचा झाल्याशिवाय तुम्ही चहाचा कपसुद्धा हातात घेत नव्हत्या. आणि माझ्याशी चाललेलं एवढं मोठं भांडण तसंच ठेवून दुपारी जेवल्या, बाजेवर आडव्या झाल्या, आणि उठल्याच नाहीत. मी अंगणवाडीतून आले तेव्हा तुमच्या पायांवर ऊन आलं होतं. म्हटलं, झोपू द्यावं थोडं. संध्याकाळी पुन्हा भांडायचंच आहे.

पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले, पांढऱ्या साड्यांच्या घड्या झाल्या. भाषणं करणाऱ्यांनी तुम्हाला त्यागमूर्ती केलं, माउली केलं. तुम्ही असत्या तर मला कोपरानं ढोसून विचारलं असतं, "कोनाबद्दल बोलून राह्यले वो हे?" मला हसू आलं, मग रडू आलं, आणि लोकांना वाटलं भाषण चांगलं झालं. मलाही बोला म्हणत होते. मी नाही उठले. तिथं काय बोलणार होते, आपलं भांडण? म्हणून इथं लिहिते आहे. लिहायला बसलं की शाळेतली भाषा येते माझ्या हातात, तेवढं चालवून घ्या.

भांडणाचा मुद्दा तुम्हाला सांगायची गरज नाही. पण मला तो एकदा नीट मांडायचा आहे, कारण मधे मधे बोलून तुम्ही तो मला कधी मांडूच दिला नाही.

माझी डावी किडनी गाठीसकट काढली. गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन नागपुरात झालं, आणि तेव्हापासून दरवर्षी एटापल्लीहून एसटीनं चंद्रपूरला जाऊन सीटी स्कॅन करायचा, गाठ परत कुठं उगवली तर नाही ना हे पाहायला. स्कॅनच्या वेळी शिरेतून एक औषध सोडतात, आपण त्याला रंग म्हणत होतो. त्या रंगानं आतलं बारीकसारीकही उठून दिसतं. पण तो अंगातून बाहेर काढायचं काम किडनीचं, आणि माझ्याकडे ती एकच. गाठ शोधायची तर भार त्या एकटीवर. भार नको म्हटलं तर गाठ दिसायची नाही. एवढंच आहे ते, बाई, आणि एवढ्यावरच आपण वर्षानुवर्षं भांडलो.

या वेळी तर डॉक्टरीणबाईंनी ते आपल्याच पदरात टाकलं. म्हणाल्या, "वंदनाताई, इतकी वर्षं सगळं स्वच्छ आहे. तुमचं क्रिएटिनिन मात्र थोडं वर सरकलंय, म्हणजे किडनी जरा दमून काम करते आहे. आता दोन वाटा आहेत. रंग देऊन स्कॅन केला तर बारीक गोष्टही दिसेल. साधा स्कॅन आणि सोनोग्राफी केली तर किडनीला काही त्रास नाही, पण एखादी गोष्ट सुटू शकते. तुमच्या आकड्याला रंगाचा धोका कमी आहे. पण नाहीच असं मी म्हणणार नाही. घरी बोला आणि ठरवून या."

घरी बोला, म्हणे. त्यांनी आपलं घर पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत चंद्रपूर ते आष्टी तुम्ही बोलल्या, आष्टी ते आलापल्ली मी बोलले आणि तिथून पुढं कोणीच बोललं नाही. माझं म्हणणं साधं होतं. आपल्या गल्लीतले शिलाईवाले चाचा डायलिसिसला जातात ते मी रोज दारातून पाहते. पहाटेची गाडी, गडचिरोली, संध्याकाळी परत येतात तेव्हा चेहरा राखेसारखा. एक दिवस आड तेच. मला ते नको होतं. कॅन्सर येईल की नाही ते माहीत नाही, पण ही एक किडनी गेली तर माझं उरलेलं आयुष्य एसटीत जाईल हे मला माहीत होतं.

तुम्ही म्हणत होत्या, "दिसलं पायजे, वंदे. दिसलं नाई तं मंग मांगून बोंबलून काय फायदा."

मला कळत होतं तुम्ही कोणाबद्दल बोलत आहात. भाऊजींचा, तुमच्या मालकांचा, जबडा खर्ऱ्यानं गेला, तंबाखू-सुपारीच्या त्या पुडीनं कॅन्सर झाला. ऑपरेशन नीट झालं होतं, टाके सुकले, वरण-भात खायला लागले, आणि दाखवायला चला म्हटलं की म्हणायचे, बरा तं आहो, आता काय दाखवाचं. तुम्ही त्यांच्यापुढं हरलेल्या एवढ्या एकाच वेळी. पुढं काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं. या सगळ्या भांडणात तुम्ही त्यांचं नाव एकदाही घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. पण आपल्या दोघींच्या मधल्या सीटवर ते बसलेले असायचे.

पहिल्या स्कॅनची आठवण येते. एप्रिल होता. रिकाम्या पोटी या, असं सांगितलं होतं. आपण दोघी पहाटेच्या गाडीला निघालो. पोट रिकामं होतंच, पण पाण्याचा घोटही मी आदल्या संध्याकाळपासून घेतला नव्हता. त्यात विशेष काही नव्हतं. माझ्या आईनं मला परकर घालायला शिकवलं तसंच हेही शिकवलं होतं, की गाडीत बसायचं असेल तर बाईनं पाणी प्यायचं नाही. रस्त्यात जायचं कुठं? पुरुष गाडी थांबली की झाडामागं जातात. आपण ओठ चाटत बसतो. तुम्हीही तशाच बसला होत्या. खिडकीतून गरम वारा येत होता, खदानीच्या ट्रकांचा लाल फुफाटा नाकातोंडात जात होता, आणि आपण दोघी किती शहाण्या आहोत असं वाटत होतं.

मग तो रंग. सुई टोचली, आणि गळ्यापासून खाली अशी गरमी उतरत गेली की मला वाटलं मी गाऊनमध्येच केली. बाहेर आले ती रडतच. तुम्ही विचारलं, काय झालं? मी कानात सांगितलं. तुम्ही मला कोपऱ्यात नेलं, मागून गाऊनला हात लावून पाहिला, आणि सगळ्या वेटिंग हॉलला ऐकू जाईल असं म्हणालात, "कोरडी आहेस वो, निरा ठन कोरडी. उगी रडून राह्यली."

दोन दिवसांनी रक्त तपासलं तर आकडा एकदम चढलेला. पुन्हा चंद्रपूर, पुन्हा सलाईन, हॉस्पिटलात मुक्काम. मी तुमच्यावर चिडले होते. म्हटलं, पाहा, रंगानं खाल्ली माझी किडनी. तेव्हा या डॉक्टरीणबाई आल्या. तेव्हा नव्याच होत्या. त्यांनी विचारलं, "स्कॅनच्या दिवशी निघाल्यापासून किती पाणी प्यायलात?" मी तुमच्याकडे पाहिलं.

तुम्ही म्हणालात, "डॉक्टरबाई, येस्टीत बाई पानी पेत नाई."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. मग म्हणाल्या, "मीपण नाही पीत हो." आणि खुर्ची ओढून बसल्या. समजावून सांगितलं, की उपाशी म्हणजे जेवण नाही, पाणी चालतं. चालतं काय, पाहिजेच. अंग आधीच सुकलेलं असलं तर त्या रंगाचा किडनीला जास्त त्रास होतो. रंगानं झालं की सुकल्यानं झालं की दोन्ही मिळून, हे नक्की सांगता येणार नाही, पण पुढच्या वेळी पाणी पीत या.

आकडा हळूहळू उतरला. तुम्ही मात्र त्या दिवसापासून चढल्या. माझ्या पर्समधल्या गुडघेदुखीच्या गोळ्या किडनीला वाईट म्हणून तुम्ही शेणाच्या खड्ड्यात टाकल्या. कोण्या शेजारणीनं किडनीसाठी जंगलातली मुळी उगाळून आणली, तुम्ही तिला चहा पाजला, दोन गोष्टी गोड बोलल्या, आणि ती फाटकाबाहेर गेल्यावर वाटी मेंदीच्या कुंपणात ओतली. मेंदी नाही मेली, तेव्हा म्हणालात, "औषद खराब नसन, पन तुह्यावर पाहाचं नाई मले."

आणि पुढच्या वर्षी ती चादर आणली. जुनी सोलापुरी, कडेला विरलेली. मी विचारलं, चादर कशाला? तुम्ही ती काखेत मारली. एसटीत बसल्यापासून बाटली माझ्या तोंडाला लावायचं काम सुरू. आलापल्ली येईपर्यंत मी मुठी आवळून बसले होते. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना साग सुरू झाला, आणि तुम्ही उठून सरळ ड्रायव्हरजवळ.

"डायवरभाऊ, उलीशी गाडी थांबवा."

"इथी थांबा नाई, बाई."

"थांबा नाई मनूनच तं थांबवा मनून राह्यली. माह्या भावजयीले एकच किडनी आहे. ते फुटली तं तुमी भरून देसान का?"

सगळी गाडी माझ्याकडे पाहायला लागली. धरणी दुभंगावी असं वाटलं मला. पण गाडी थांबली. झाडाआड जायला आडोसा कुठला, रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली. तुम्ही चादर दोन्ही हातांनी ताणली, माझ्याकडे पाठ केली, तोंड रस्त्याकडे. मी एवढी उंच, तुम्ही एवढ्या बुटक्या, त्यामुळं मी खाली बसेपर्यंत सगळ्या ट्रकवाल्यांना माझं तोंड दिसत होतं. आणि तुम्ही तिथूनच ड्रायव्हरशी गप्पा मारत होत्या, की यंदा मोहाचा बहर कसा आहे, तेंदूपत्ता तोडणं कधी सुरू होतं, म्हणजे कोणाचं लक्ष तुमच्या पाठीमागं जाऊ नये. नंतर मला सांगितलं, तुम्ही लहान असताना दीक्षाभूमीला ट्रकमधून जायच्या, तेव्हा तुमची आई अशीच पातळ धरून उभी राहायची आणि असंच मोठ्यानं बोलायची.

मी उठले, पदर सावरला, आणि पाहते तर गाडीतून एक बाई उतरली. मग दुसरी. मग मागच्या सीटवरची आजी, तिला दोघींनी धरून उतरवलं. एक आली की चादरीमागं जायची, उठली की दुसरी. सगळ्याजणी पहाटेपासून धरून बसलेल्या. कंडक्टर पाठ फिरवून तिकिटाच्या मशीनशी चाळा करत होता. शेवटची झाली तेव्हा तुमचे हात थरथरत होते, पण चादर खाली आली नाही.

त्या वर्षी आकडा चढला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. त्या गाडीचा ड्रायव्हर आपल्याला ओळखू लागला, त्या वळणावर स्वतःच वेग कमी करायचा आणि म्हणायचा, किडनीवाल्या बाई, उतरता का? मला आता ते दिवस आठवले की वाटतं, कॅन्सरच्या नावानं आपण वर्षातून एक सहल काढत होतो. स्कॅन झाला की स्टँडवर आलूबोंडा खायचा. तुम्हाला मिरची जास्त लागायची, डोळ्यांतून पाणी आलं तरी मागायच्या. परतीला माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायच्या, घोरायच्या, आणि उठल्यावर मी झोपली नवती म्हणून भांडायच्या.

एक मात्र माझ्या उशिरा लक्षात आलं. तुम्ही गाडीत पाणी पीत नव्हत्या. सगळा रस्ता बाटली तुमच्या हातात, आणि तुमचे ओठ पांढरे. मी म्हटलं, तुम्ही पण घ्या ना. तर म्हणालात, "मी कायले पेऊ? मले दोन आहेत." आणि हसल्या. मीही हसले. चादर धरणाऱ्या बाईला चादरीमागं जाता येत नाही, हे एवढं उघड होतं, तरी माझ्या मनात आलं नाही. तुमच्यासाठी ती मी एकदाही धरली नाही, कारण तुम्ही कधी मागितलीच नाही.

तुम्ही गेल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदय. आधी काही त्रास होता का, असं विचारलं. तुमचा भाऊ म्हणाला, नाही, तिले कदी काई झालंच नाई. बाई, मला तेव्हा इतका राग आला. तुमच्या भावाचा नाही, तुमचाच. दिसलं पाहिजे, दिसलं पाहिजे म्हणत दरवर्षी माझ्या आतलं कोपरान् कोपरा पाहायला लावला, आणि तुमच्या छातीवर कोणी साधी नळीसुद्धा ठेवली नाही. जिना चढताना तुम्ही मधेच थांबून माझ्याशी काही तरी बोलायला लागायच्या. मी समजत होते, बोलायचं आहे म्हणून थांबल्या.

तर सांगायचं ते असं, की सोमवारी मी चंद्रपूरला जाऊन आले. तुमचा भाऊ येतो म्हणत होता. मी म्हटलं, तुम्ही येऊन काय करता, चादर धरता का? त्यानं बाटली विसळून भरून दिली.

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाहिलं, माझ्या मागं कोणी येतं का म्हणून. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग विचारलं, काय ठरवलं? आणि मला वाटलं होतं की मी नको म्हणणार. तुम्हीच नसल्यावर आता अडवणारं कोण? पण भांडायला समोर कोणी नसलं की आपल्या बाजूला धरही राहत नाही. चाचांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, त्याच्यामागून भाऊजींचा आला. डायलिसिसची भीती खरीच आहे, बाई, ती गेलेली नाही. पण न पाहता बसायची भीती मोठी निघाली. म्हटलं, "रंग द्या. दिसलं पायजे."

त्यांनी आधी सलाईन लावलं, मग सुई. ती गरमी आली, गळ्यापासून खाली. बाहेर येऊन मी कोपऱ्यात गेले आणि आपल्याच हातानं गाऊन मागून चाचपून पाहिला. कोरडा होता. मग तिथल्याच बाकावर बसले आणि पोटभर रडले. कोणी, उगी रडून राह्यली, असं म्हटलं नाही.

रक्ताचा आकडा काल आला. होता तिथंच आहे. स्कॅनचं डॉक्टरीणबाई या आठवड्यात फोनवर सांगणार आहेत. काय निघेल ते निघेल. पाहिलं, एवढं तुमच्या मनासारखं झालं. शेवटचा शब्द तुमचाच झाला, आता तरी चहा घ्या.

पण खरं सांगायचं राहिलं आहे ते जातानाचं. ड्रायव्हर नवा होता. आलापल्लीच्या पुढं मी पाणी संपवत आणलं होतं, आणि ते वळण जवळ येत होतं. इतक्या वर्षांत मी गाडीत कधी तोंड उघडलं नव्हतं, ते काम तुमचं होतं. वळण आलं आणि मागं जायला लागलं. मी उठले. "भाऊ, गाडी थांबवा."

"काऊन?"

आवाज एकदम मोठ्यानं निघाला, "मले एकच किडनी आहे." सगळी गाडी पाहत होती. पाहू दे म्हटलं.

उतरले, चादर हातात, आणि तशीच उभी राहिले. दोन्ही टोकं माझ्याच हातात. आपल्याला आपला आडोसा धरता येत नाही, बाई. मागून एकजण उतरली. मुलचेऱ्याकडची बंगाली बाई, मधल्या फाट्यावर चढलेली, हातात शंखाच्या बांगड्या. तिनं काही न विचारता चादर माझ्याकडून घेतली, ताणली, आणि तोंड रस्त्याकडे केलं. तुमच्यापेक्षा वीतभर उंच होती. पहिल्यांदाच मी पूर्ण झाकले गेले.

मागून आणखी दोघीतिघी आल्या. ती धरूनच उभी. सगळ्यांचं झाल्यावर घडी घालून माझ्या हातात द्यायला लागली. मी पाहिलं, तिचे ओठ पांढरे पडले होते. विचारलं, "आणि तुम्ही?"

"मला नको, दीदी. मी गाडीत पानी नाही पीत."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "थांबा जरासे, भाऊ, यंदा मोहाचं कसं काय म्हनता?" आणि बाटलीत उरलेलं सगळं पाणी तिच्या हातात दिलं.

"पेऊन घे, माय. चादर मी धरून राह्यली."

ती प्यायली, मग झाडाकडे गेली. मी दोन्ही हात ताणले, तिच्याकडे पाठ केली आणि तोंड रस्त्याकडे.